डोळे मिटून ऐकणारी बाई

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. शिक्का मारून, सही ठोकून खोटं लिहिलंत. "कर्मचारी निद्रिस्त आढळली" एवढं एक वाक्य खरडलंत, फाइल बांधलीत आणि हात झटकून मोकळे झालात. ती बाई झोपली नव्हती. हे तुम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणणार असाल, तर दुसऱ्यांच्या डोक्यातली वीज मोजायचं दुकान तुम्ही कुठल्या तोंडाने मांडलंत? ऐका आता पहिल्यापासून. आवडेल अशी गोष्ट नाही, पण तुमचीच आहे.

रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे मिटकी म्हणायचे, कारण फोन ऐकताना ती डोळे मिटायची.

खोलीला खिडक्या नव्हत्या. छताला पांढऱ्या ट्यूबलाइट, खाली टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर दोन पडदे आणि एक हेडफोन. एका कानात घाबरलेली माणसं बोलायची, दुसऱ्या कानात गाड्यांचे ड्रायव्हर खेकसायचे. बाहेरच्या माणसाला वाटतं, पत्ता टाइप केला की गाडी निघाली, काम झालं. गाडी निघते, खरं आहे. पण पडद्यावर पत्त्याला एक चौकोन असतो आणि आजाराला एक. पुढचं दार उघडत नाही, मागून या, कुत्रा सुटलाय, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, याला चौकोन नाही. ते सगळं ऐकणाऱ्याने डोक्यात धरायचं आणि गाडी रस्त्याला लागली की वायरलेसवर ड्रायव्हरला एका दमात सांगायचं. टाइप करत बसलं की फोनवरचा माणूस थांबतो. घाबरलेला माणूस एकदा थांबला की परत धड बोलत नाही. म्हणून तिथली जुनी माणसं आधी नुसतं ऐकायची. कोणी टेबलाखाली पाय हलवायचं, कोणी पेनाचं टोपण चावायचं. मिटकी डोळे मिटायची.

"डोळे उघडे ठेवले की ती भिंत, हा पडदा, तुझं ते थोबाड, सगळं आत शिरतं," ती शेजारच्या टेबलावरच्याला सांगायची. त्याला बाराही महिने खोकला, म्हणून त्याचं नावच खोकला पडलेलं. "माझ्या डोक्यात खोल्या कमी. भाडेकरू निवडून ठेवावे लागतात."

"आणि मी?"

"तू जिन्याखाली. खोकत बस."

तोंडाची फटकळ होती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. ड्रायव्हर उलट बोलला तर वायरलेसवरच त्याची हजामत करायची आणि हेडबाई समोर उभ्या राहिल्या तरी थांबायची नाही. हेडबाई म्हणजे त्या खोलीच्या मुख्य. त्याही तिच्या वाटेला जात नसत, कारण तिने सांगितलेली गाडी दार शोधत फिरायची नाही.

मग तुमच्या पट्ट्या आल्या.

काळी, कपाळावरून मागे डोक्याला वळसा घालणारी पट्टी, आतून धातूच्या टिकल्या लावलेली. मेंदूत जी बारीक वीज सतत खेळत असते ती या टिकल्या कातडीवरून टिपतात आणि पडद्यावर तिच्या लाटा उमटतात. त्या लाटांवरून माणूस एका वेळी किती गोष्टी डोक्यात धरून आहे, लक्ष आहे की उडालं, थकलाय की डुलकी लागली, सगळं कळतं, असं तुमच्या पत्रकात होतं. पत्रकावर पट्टी घातलेली एक हसरी बाई होती. कंट्रोल रूममध्ये काम करताना इतकं हसणारी बाई आजवर कोणी पाहिलेली नाही.

पट्ट्यांबरोबर त्या लावायला आणि सांभाळायला एक तंत्रज्ञ आला, तो मिटकीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. घरात सगळे त्याला जावईबुवा म्हणत. हा पूर्वी एका दवाखान्यात मेंदूचे आलेख काढायचा. दवाखान्याने तो विभागच बंद केला आणि जावईबुवा घरी बसले. घरी बसलेल्या पुरुषाचं काय होतं ते धाकटीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा ही नोकरी लागली तशी मिटकीच जास्त खूश झाली.

कामावर रुजू होण्याआधी त्याने एक पट्टी घरी आणली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि धाकटीच्या डोक्याला पट्टी बांधली.

"हिच्या डोक्यात काही सापडतंय का बघा," मिटकी म्हणाली. "लहानपणापासून आम्ही शोधतोय."

"ताई, गप गं!"

"आता तुमच्यावर लावतो," जावईबुवा म्हणाले. मिटकीच्या केसांतून वाट काढून त्यांनी टिकल्या नीट टेकवल्या. पडद्यावर बारीक, केसाळ रेघा धावू लागल्या. "आता डोळे मिटा."

तिने मिटले.

"बघ, बघ!" तो धाकटीला म्हणाला. "मागच्या बाजूच्या रेघा बघ." रेघा एकदम मोठ्या, गोल, एकसारख्या झाल्या होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या. "उघडा डोळे." लाट गेली. "मिटा." आली. "यंत्र नीट लागलंय की नाही, हे आम्ही असंच तपासतो. शिकायला गेलं की पहिल्या दिवशी हेच शिकवतात. टक्क जाग्या माणसालासुद्धा डोळे मिटले की ही लाट येते."

तुमच्या तंत्रज्ञाचं हे वाक्य आहे. लक्षात ठेवा. डोळे मिटून ठेवलंत तरी चालेल.

कंट्रोल रूममध्ये पट्टी घालायला कोणी तयार होईना.

"उद्या आमच्या डोक्यात काय चाललंय ते आमच्या नवऱ्यांना विकतील," एक जण म्हणाली.

"तुझा नवरा विकत घेईल? फुकट सांगतेस तेव्हा तरी ऐकतो का?"

हशा झाला, पण हात कोणी पुढे करेना. जावईबुवा पट्ट्यांचा खोका घेऊन दारात उभे, कानाच्या पाळ्या लाल. मिटकी उठली, खोक्यातली पट्टी उचलली आणि स्वतःच डोक्यावर चढवली. "घरचं माणूस आहे," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचं कुंकू..." आणि मग हसून, "म्हणजे माझ्या बहिणीचा जेलर. मला फसवणार नाही. घाला गं." तिच्या भरवशावर बाकीच्यांनी घातल्या.

पहिल्यांदा प्रत्येकाची परीक्षा झाली. पडद्यावर एकामागून एक आकडे यायचे. आत्ताचा आकडा दोन आकड्यांपूर्वीच्यासारखाच असेल तर बटण दाबायचं. डोक्यात धरायचं, नवं आलं की जुनं सोडायचं, परत धरायचं. यालाच कार्यस्मृती म्हणतात, जावईबुवांनी सांगितलं. नजर पडद्यावरून हलवायची नाही, डोळे मिटायचे नाहीत. या वेळी उठणाऱ्या लाटा म्हणजे तुमचं माप. पट्टी लावलेला माणूस पुढे या मापापासून लांब गेला की टेबलावरचा दिवा लाल होणार, त्याचा फोन आपोआप दुसऱ्या टेबलाला जाणार आणि त्याने जाऊन आरामखुर्चीत बसायचं.

मिटकी जेमतेम पास झाली. "मला आकडे दाखवू नका, ऐकवा," ती म्हणत होती. ऐकवायची सोय नव्हती.

"अहो, पण मी कामाच्या वेळी डोळे मिटते," तिने जावईबुवांना बाजूला घेऊन सांगितलं. "ती कंगव्यासारखी लाट येईल. तुमचं यंत्र काय समजेल?"

जावईबुवांच्या कपाळावर आठी पडली. "वर कळवतो."

त्याने कळवलं. हे तुम्ही नाकारू नका. वरून उत्तर आलं ते यंत्रात बदल करण्याचं नव्हतं. भिंतीवर एक सूचना लागली: कामाच्या वेळी डोळे उघडे ठेवावेत.

मिटकीने ठेवले. डोळ्यांत तेल घालून बसली. पण उघड्या डोळ्यांनी तिच्या डोक्यात गोष्टी टिकेनात. तिसरी ऐकेपर्यंत पहिली गळायची. ड्रायव्हर विचारायचा, "बाई, डावं दार की उजवं?" आणि तिला, मिटकीला, अडखळायला व्हायचं. सोप्या फोनला ती डोळे ताणून बसायची. अवघड फोन आला की मिटायची, नियम गेला खड्ड्यात. कधी दिवा लाल व्हायचा, कधी फोन लवकर संपायचा आणि वाचायची. लाल झाला की खोकला दात काढायचा, "आली का गं झोप?"

"तुझ्या लग्नाची गोष्ट चालली होती. कंटाळा येऊन डुलकी लागली."

चेष्टा चालली, कारण तोवर कोणी मेलं नव्हतं.

मग एका शिंप्याचा फोन आला.

भर दुपार होती. पलीकडून माणूस धापा टाकत बोलत होता, जणू दम त्यालाच लागलाय. बायकोला दम्याचा झटका, तोंडात मारायचा पंप संपलेला, ओठ निळे पडलेत. नोंदीवरून पत्ता पडद्यावर आपोआप आला: काचेच्या दुकानाचा वरचा मजला. मिटकीने गाडी सोडली. तिने इतकंच विचारलं, "वर यायचं कुठून?" आणि शिंपी सुटला. पुढून येऊ नका, पुढचं शटर मालकाने कायमचं वेल्ड केलंय. मागे लाकडाची वखार आहे, वखारीच्या फाटकातून आत या, फाटकाला कडी वरच्या अंगाला. आत लोखंडी जिना. वळणावरची पायरी तुटलीय, ती टाळा. जिना अरुंद, स्ट्रेचर चढणार नाही, तिला खुर्चीतून उतरवावं लागेल. आणि एक इंजेक्शन तिला चालत नाही, अंगावर सूज येते, नाव अमुक.

मिटकीने डोळे मिटले. शटर नाही, वखार, वरची कडी, तुटकी पायरी, खुर्ची, ते इंजेक्शन नको. डोक्यात एकेक वस्तू नेऊन ठेवली. बोलली नाही, कारण तो अजून बोलत होता.

टेबलावरचा दिवा लाल झाला. तिच्या कानातला आवाज तुटला. पडदा गोठला.

शिंप्याला तुमचं संगीत ऐकू आलं. मग शेजारच्या टेबलावरच्या खोकल्याचा आवाज, "बोला, काय त्रास आहे?"

"सगळं सांगितलं ना आत्ता त्या बाईंना!" शिंपी ओरडला. "लवकर या!" आणि फोन टाकून बायकोकडे धावला. खोकल्याने परत लावला, कोणी उचलेना. त्याच्या पडद्यावर पत्ता होता आणि आजार होता. दोन्ही चौकोन भरलेले. त्याने ड्रायव्हरला पत्ता सांगितला.

मिटकी टेबलाजवळ उभी होती. "मागून! वखारीतून जा म्हणावं त्याला!" ती ओरडली. खोकल्याने हेडफोन दाबून धरला आणि दुसरा हात हलवला, थांब म्हणून. हेडबाई मागून आल्या. "लाल असताना बोलायचं नाही, माहितेय ना? दुसऱ्याचा फोन बिघडतो. चल, खुर्चीत बस."

"पण बाई, तो पुढून..."

"त्याच्याकडे आहे ना फोन? तो बघेल. बस तू."

ती बसली. आरामखुर्ची मऊ होती. समोर तुम्ही समुद्राचं चित्र लावलं होतं.

गाडीतली माणसं वेल्ड केलेल्या शटरवर मुठी आपटत राहिली. ती मागच्या जिन्याने वर पोचली तेव्हा शिंप्याची बायको संपली होती.

चौकशी लागली. पहिल्याच दिवशी तुमच्या माणसाने शिंप्याला फोन करून सांगून टाकलं की फोन घेणारी बाई झोपली होती, यंत्रात नोंद आहे, कारवाई होईल. मिटकीला हे कळलं तेव्हा नोकरीचं तिला काही वाटेनासं झालं. नोकरी गेली तर गेली. पण एक माणूस गावात असा फिरतोय, ज्याला वाटतंय की त्याची बायको श्वासासाठी तडफडत होती आणि ही बाई पेंगत होती. तेवढं त्याच्या डोक्यातून निघायला हवं होतं. आणि ते काढू शकणारा माणूस घरचाच होता.

ती धाकटीकडे गेली. जावईबुवांनी चहा समोर ठेवला आणि तिच्या नजरेला नजर न देता बोलू लागले.

"ताई, मी तुमची नोंद काढून पाहिली. झोपेची लाट वेगळी असते. हळू असते, डोळे पापण्यांखाली सावकाश फिरतात, त्याची खूण कपाळावरच्या टिकल्यांत येते. तुमच्यात तसलं काही नाही. तुमची ती डोळे मिटल्याची लाट. आणि..." तो थांबला.

"आणि काय?"

"माणूस डोक्यात काही घट्ट धरून ठेवतो ना, तेव्हा बऱ्याचदा हीच लाट अजून उंच होते. बाहेरचं आत येऊ नये म्हणून दार लावल्यासारखी. यावर अभ्यास झालेत. तो माणूस जसजसा सांगत गेला तसतशी तुमची लाट वाढत गेलीय."

मिटकी बघत राहिली. "म्हणजे मी लक्षात ठेवत होते, तेच त्यांनी झोपेत धरलं?"

"यंत्राला झोप म्हणजे काय हे ज्यांनी शिकवलं त्यांनी डोळे उघडे ठेवणारीच माणसं घेतली होती."

"मग एवढंच तिथे बोला. दुसरं काही मागत नाही तुमच्याकडे."

"विचारलं तर बोलेन."

"आणि नाही विचारलं तर?"

उत्तर धाकटीने दिलं. "ताई, ह्यांची नोकरी गेली तर परत कोण देणार? तू एकटी आहेस. आमचं तसं नाही."

एकटी आहेस, हे तिने असं म्हटलं की जणू त्यात मिटकीची सोय झालीय.

चौकशीच्या खोलीत तिघं बसले होते, तिघांसमोर झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास. तुम्ही मधल्या खुर्चीत. आता आठवत नाही म्हणू नका.

"तुम्ही डोळे मिटले होते, हे मान्य?" तुम्ही विचारलंत.

"मान्य."

"सूचना लावलेली असताना?"

"हो. पण डोळे मिटले म्हणजे झोपले, असं कुठल्या नियमात लिहिलंय?"

नियम, असं म्हणून तुम्ही नाकाचा शेंडा चिमटीत धरलात, डोळे मिटलेत आणि पुटपुटू लागलात, "थांबा... चौथ्या प्रकरणात आहे बहुतेक... पोटकलम..."

"साहेब, उठा," मिटकी म्हणाली.

डावीकडच्या सदस्याला हसू आलं, ते त्याने ग्लासात लपवलं. तुम्ही डोळे उघडलेत ते लाल होऊनच. "उर्मट वर्तन" हे दोन शब्द अहवालात आहेत. का उर्मट, ते नाही.

मग जावईबुवांना बोलावलं.

"यंत्राने नोंद बरोबर केली होती?"

"हो."

"ही लाट त्यांच्याच डोक्यातली?"

"हो."

"यंत्रात बिघाड होता?"

"नाही."

"अहो," मिटकी उभी राहिली, "ती लाट जाग्या माणसाला येते की नाही, एवढं सांगा. माझ्या बहिणीच्या टेबलावर सांगितलं होतंत तसं."

"प्रश्न विचारायचा अधिकार समितीला आहे," तुम्ही म्हणालात. समितीने विचारला नाही. जावईबुवा ग्लासाच्या झाकणाकडे बघत उभे होते. मूग गिळायचे तर असे गिळावेत, की गिळताना घसासुद्धा हलू नये.

जिन्यात धाकटी भेटली. नवऱ्याला न्यायला आली होती. "ते एकही शब्द खोटा बोलले नाहीत," ती म्हणाली.

"नाही ना," मिटकी म्हणाली. "म्हणूनच पुसता येत नाही. खोटं असतं तर पुसलं असतं."

तुम्ही तिला काढून टाकलं नाहीत. काढलं असतं तर ती कोर्टात गेली असती, आणि कोर्टाने यंत्र उघडायला लावलं असतं. तुम्ही तिला मागच्या खोलीत पाठवलंत. आता ती संध्याकाळी जमा झालेल्या पट्ट्या ओल्या बोळ्याने पुसते, टिकल्यांवरचा घाम आणि तेल काढते, चार्जिंगला लावते. खोकला कधीतरी दारात येतो. चेष्टा करत नाही. खोकतो आणि जातो.

एका सुट्टीच्या दिवशी ती शिंप्याकडे गेली.

पुढच्या शटरकडे तिने पाहिलंही नाही. काचेच्या दुकानाला वळसा घालून वखारीच्या फाटकाशी आली, हात वर नेला, कडी काढली. इथे ती आयुष्यात आली नव्हती. आत लाकडाचा ओला वास आणि लोखंडी जिना. वळणावर तिचं पाऊल आपसूक लांब पडलं. खाली बघितलं तर पायरी तिथे नव्हतीच.

शिंपी मशीनवर बसला होता, पण मशीन चालू नव्हतं. गळ्यात टेप. खोलीत दोन खुर्च्या, एकीवर कापडाचे तुकडे रचलेले.

"त्या दिवशी फोन घेतला ती मी," ती म्हणाली.

तो बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

"मी झोपले नव्हते. एवढंच सांगायला आलेय." तिने उभ्याउभ्याच डोळे मिटले. "पुढून येऊ नका, मालकाने शटर वेल्ड केलंय. मागे लाकडाची वखार. फाटकाची कडी वरच्या अंगाला. वळणावरची पायरी टाळा. स्ट्रेचर चढणार नाही, खुर्चीतून उतरवा." मग त्या इंजेक्शनचं नाव घेतलं. "अंगावर सूज येते तिला." डोळे उघडले.

शिंप्याने टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"म्हणजे तुम्ही जाग्या होतात."

"हो."

"सगळं ऐकलं होतंत."

"सगळं."

"मग त्या गाडीवाल्यांना का नाही सांगितलंत?"

तिने दिव्याचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, तुटलेल्या आवाजाचं, हेडबाईंचं, खुर्चीचं.

"ओरडला नाहीत?"

"ओरडले."

"किती वेळा?"

खाली वखारीत कोणीतरी करवत चालवत होतं, ती थांबली. "एकदा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा तोंड उघडलं. मग बसले."

शिंप्याने मान हलवली, पुष्कळ वेळ हलवत राहिला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुम्ही झोपला असतात तर बरं झालं असतं, बाई," तो म्हणाला. "झोपलेल्या माणसाला मी माफ करून टाकलं होतं. माणूस आहे, लागतो डोळा. आता जाग्या माणसाचं काय करू?"

ती दाराकडे वळली.

"मीही म्हणालो ना त्या दुसऱ्याला," मागून शिंप्याचा आवाज आला, आता बारीक झालेला. "सगळं सांगितलंय म्हणालो. फोन टाकला. परत वाजत होता, ऐकू येत होता. उचलला नाही. तुम्ही माझं सगळं धरून ठेवलंय असं वाटलं."

"धरलं होतं."

"ते दिसलं आत्ता."

त्याने खुर्चीवरचे कापडाचे तुकडे उचलून मशीनवर ठेवले. ती बसली. मग त्याने विचारलं, "तो लाल दिवा लावायचं ठरवलं कोणी?"

"आहेत एक साहेब."

"त्यांना माहीत होतं? डोळे मिटलेला माणूस जागा असतो म्हणून?"

"कळवलं होतं त्यांना. त्यांनी भिंतीवर सूचना लावली."

शिंपी उठला. गळ्यातला टेप काढायचं त्याला सुचलं नाही. "चला," तो म्हणाला.

तुमच्या कचेरीच्या दारावर रखवालदाराने दोघांना अडवलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत. कशाची मीटिंग? नव्या पट्ट्यांची. आता ड्रायव्हरांनाही लावणार आहेत. बाकावर बसा, वेळ लागेल. दोघं बसली. समोरच्या भिंतीवर तीच हसरी बाई, पट्टी घातलेली, आता मोठ्या चौकटीत.

तुम्हाला काय काय विचारायचं ते मिटकीने डोक्यात लावायला घेतलं. पहिलं हे, मग ते, मग शिंप्याचं. एकही सुटायला नको होतं. म्हणून तिने डोळे मिटले.

"ओ बाई," रखवालदार म्हणाला, "इथे झोपायचं नाही."

"झोपली नाहीये ती," शिंपी म्हणाला. जोरात म्हणाला, आतल्या काचेच्या दारापर्यंत जाईल इतक्या जोरात. "जागी आहे. तुमच्या साहेबांना उठवा."

साहेब, दोघं अजून बाकावर आहेत. तुमच्या तंत्रज्ञाला एक प्रश्न तुम्ही विचारू दिला नाहीत, आता एक प्रश्न तुमच्यासाठीच आहे. ती कडी, ती तुटकी पायरी, ते इंजेक्शन एका बाईच्या डोक्यात शाबूत होतं आणि तुमच्या दिव्याने तिचं तोंड बंद केलं. तुम्हाला आधी कळवलेलं होतं, तरी तो दिवा तुम्ही तसाच ठेवलात. का ठेवलात? अहवालातलं वाचून दाखवू नका, यंत्राकडे बोट दाखवू नका. बाहेर या, त्या शिंप्यासमोर उभे राहा आणि उघड्या डोळ्यांनी सांगा, का?